दैनंदिन शारीरिक हालचाल, आहारसवयी आणि आरोग्य : धुळे जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

मानवी जीवनात आरोग्यास अनन्यसाधारण महत्त्व आहे. १९४८ साली अंमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत आरोग्याची व्याख्या करताना केवळ रोगाचा अभाव न मानता शारीरिक, मानसिक व सामाजिक सुस्थिती अभिप्रेत मानलेली आहे. ही सुस्थिती रुग्णालयात निर्माण होत नाही. ती घरात, शेतात, रस्त्यावर आणि स्वयंपाकघरात घडते किंवा बिघडते. म्हणूनच व्यक्ती दिवसभर किती हालचाल करते आणि काय खाते, हे दोन साधे वाटणारे प्रश्न आरोग्यविचाराच्या केंद्रस्थानी येतात.

या दोन प्रश्नांचा धुळ्याशी एक वैचारिक अनुबंधही आहे. १९३२ साली धुळ्याच्या कारागृहात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे सर्वश्रुत आहे. गांधी-विनोबांच्या एकादश व्रतांमध्ये शरीरश्रम आणि अस्वाद या दोन व्रतांचा समावेश आहे. शरीराने काम करणे आणि जिभेच्या आहारी न जाणे हा त्यांचा आशय होय. त्या काळी नैतिक साधना म्हणून सांगितलेल्या या दोन गोष्टी आज आरोग्यशास्त्र स्वतंत्र मार्गाने सांगत आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. शारीरिक हालचालीचा आरोग्यावर होणारा परिणाम शास्त्रीय आधारे स्पष्ट करणे.
२. खानदेशी आहारातील हितकर व अहितकर घटकांचा विचार करणे.
३. धुळे जिल्ह्यातील भिन्न समाजघटकांच्या भिन्न गरजा लक्षात घेऊन व्यवहार्य उपाय सुचविणे.

समस्येचे स्वरूप

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह असून सुमारे १३ कोटी ६० लक्ष लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला, तर पोटाभोवतीच्या स्थूलतेचे प्रमाण ३९.५ टक्के होते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्मे प्रौढ अपुरी शारीरिक हालचाल करीत होते असे दिसून आले. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक होते, ही बाब विशेष विचारार्ह आहे.

भारतीय माणसाचा धोका वजनकाट्यावर पूर्णपणे दिसत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ साली स्वतःच्याच शरीराची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहातही स्नायू कमी व चरबी अधिक असू शकते, हा या तुलनेचा बोध होय. त्यामुळेच भारतीयांसाठी निर्देशांक २३ पासून अधिक वजन आणि २५ पासून स्थूलता मानली जाते. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटीमीटर व स्त्रियांत ८० सेंटीमीटर या मर्यादेत असणे इष्ट समजले जाते. साधी शिवणकामाची टेप घेऊन ही तपासणी प्रत्येक घरात होऊ शकते.

हालचालीचे शास्त्र

हालचाल आणि हृदयरोग यांचा संबंध प्रथम ठळकपणे दाखविला तो डॉ. जेरी मॉरिस यांनी. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा त्यांचा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला. दिवसभर आसनावर बसणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. हे वाहक कोणत्याही व्यायामशाळेत जात नव्हते. त्यांचे रोजचे कामच त्यांचे रक्षण करीत होते.

यामागील कारणमीमांसा अशी. जेवणानंतर रक्तातील साखर वाढते व इन्सुलिनच्या साहाय्याने ती पेशींत शिरते. स्नायूंचे आकुंचन होत असताना मात्र त्यांतील विशिष्ट वाहक प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि इन्सुलिनचे कार्य मंदावलेले असले तरी साखर स्नायूंत ओढून घेतली जाते. म्हणूनच जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावली हा केवळ जुन्या पिढीचा रिवाज नसून शरीरक्रियेस धरून असलेली सवय आहे. नियमित हालचालीने रक्तदाब कमी होण्यास मदत होते, हाडे बळकट राहतात, झोप सुधारते व मनावरील ताण हलका होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. मुलांसाठी व किशोरवयीनांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटांची शिफारस आहे. १५० मिनिटे म्हणजे दिवसास सुमारे बावीस मिनिटे होत. हालचाल सलग दहा मिनिटे असलीच पाहिजे, ही पूर्वीची अट या तत्त्वांत उरलेली नाही. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतका श्वास वाढला की ती हालचाल मध्यम स्वरूपाची समजावी.

धुळ्यातील वास्तव

१८१८ नंतर खानदेशाचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळ्याच्या नव्या वस्तीची आखणी सरळ व समांतर रस्त्यांवर केली. आजही जुन्या धुळ्यातील पत्ते गल्ली क्रमांकांनी सांगितले जातात. अशा आखीव गावात पाच कंदील, आग्रा रोड ही बाजारपेठ आणि आसपासच्या गल्ल्या यांतील अंतरे पायी जाण्याजोगी आहेत. तरीही भाजी आणण्यासाठी दुचाकी काढली जाते. ज्या अंतरास पाच मिनिटे चालणे पुरेसे होते, तेथे आपण वाहन चालवितो आणि पुढे वैद्यांच्या सल्ल्याने पहाटे निष्कारण चालावयास निघतो. दैनंदिन कामातून वजा केलेली हालचाल वेगळी वेळ काढून भरून काढण्याचा हा प्रकार होय.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. दळण, कांडण व पाणी भरणे ही कष्टाची कामे पिठाची गिरणी व नळ यांमुळे कमी झाली. हे स्वागतार्हच आहे व जात्याकडे परत जा असे कोणीही म्हणू नये. परंतु उरलेली कामे थकविणारी असूनही हृदय व फुप्फुसांना पुरेसे चालना देणारी असतातच असे नाही. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी तासन् तास उभे राहणे ही हलकी हालचाल आहे. झाडणे, पुसणे, कपडे हाताने धुणे ही कामे वेगाने केल्यास मध्यम स्वरूपात मोडतात. ‘दिवसभर काम तर चालूच असते’ हे गृहिणीचे म्हणणे खरे आहे, पण तिच्या वाट्याला स्वतःच्या चालण्याची बावीस मिनिटेही येत नाहीत हे तितकेच खरे आहे. ती मिनिटे उपलब्ध करून देणे ही कुटुंबाची जबाबदारी होय.

याउलट साक्री व शिरपूर तालुक्यांच्या डोंगराळ भागातील भिल्ल व पावरा कुटुंबे, कापूस वेचणाऱ्या मजूर स्त्रिया, ऊसतोडीसाठी गुजरातेत व अन्यत्र स्थलांतर करणारी कुटुंबे यांना चालण्याचा उपदेश करणे हा उपहास ठरेल. त्यांच्या श्रमास पुरेसा आहार मिळत नाही, ही त्यांची समस्या आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेली अमृत आहार योजना ही याच अभावाची शासकीय पातळीवरील दखल होय. एकाच जिल्ह्यात एका घरी अतिपोषण व दुसऱ्या घरी कुपोषण नांदत असताना दोन्ही घरांना एकच सल्ला देता येत नाही.

खानदेशी आहार : बलस्थाने व उणिवा

खानदेशच्या पारंपरिक आहारात पोषणाची मोठी जाण दिसते. कळण्याची भाकरी हे त्याचे उत्तम उदाहरण होय. ज्वारीत अथवा बाजरीत अख्खे उडीद मिसळून दळलेल्या पिठाची ही भाकरी असते. तृणधान्यांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, ते उडदातून मिळते. उडदात जे गंधकयुक्त अमिनो आम्ल अपुरे असते, ते धान्यातून मिळते. दोहोंच्या संयोगाने प्रथिनांची प्रत सुधारते. तंतूंचा विचार केल्यास १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम व बाजरीत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, तर मैद्यात ते ३ ग्रॅमहूनही कमी असतात. तंतूंमुळे साखर रक्तात सावकाश मिसळते व पोट भरल्याची जाणीव टिकते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, परंतु तापीकाठच्या काळ्या जमिनीतील दादर ज्वारीची भाकरी आपल्या ताटात त्यापूर्वीपासूनच होती. पोकळा, अंबाडी, तांदुळजा, मेथी या पालेभाज्या, भाजलेल्या वांग्याचे भरीत, शेंगदाणे व ताक यांनी हे ताट पूर्ण होत असे.

मात्र या आहाराची दुसरी बाजूही तपासली पाहिजे. शेवभाजीच्या रश्श्यावरील तेलाचा तवंग, तळलेली बट्टी व तिच्यावर ओतलेले तूप हे पदार्थ सणावारी किंवा कष्टाच्या दिवसांत शोभत होते. आज ढाब्यावरील जेवण व घरगुती समारंभ यांमुळे ते वारंवार ताटात येऊ लागले, श्रम मात्र घटले. साठ किलो वजनाच्या व्यक्तीने अर्धा तास झपाट्याने चालल्यास साधारणतः १०० ते १२० किलोकॅलरी खर्च होतात. केवळ ५० ग्रॅम तळलेल्या शेवेतून अडीचशेहून अधिक किलोकॅलरी मिळतात. यावरून चालून आलो म्हणजे काहीही खाण्यास मोकळे झालो, हा समज किती फसवा आहे हे लक्षात येते. वजनासाठी आहार आणि एकूण आरोग्यासाठी आहार व हालचाल या दोहोंची सांगड आवश्यक आहे.

उपवासाच्या दिवशी खाल्ला जाणारा साबुदाणा हा बहुतांशी पिष्टमय पदार्थ आहे, त्या तुलनेत भगर अधिक पोषक ठरते. पापड व बिबडे यांतील मीठ आणि पापडखार यांमुळे शरीरात सोडियम वाढते. रक्तदाब असलेल्यांनी याचा विशेष विचार करावा. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा अन्नातील लोहाच्या शोषणात अडथळा आणतो, तर भाजीवर पिळलेले लिंबू ते शोषण वाढविते. रक्तक्षयाने ग्रासलेल्या घरांसाठी हा बदल बिनखर्चाचा आहे.

किराणा यादीतून आरोग्यपरीक्षण

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी सुधारित आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २००० किलोकॅलरींच्या आदर्श ताटात २५० ग्रॅम तृणधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ८५ ग्रॅम डाळी अथवा अंडी-मांस, ३५ ग्रॅम तेलबिया व सुकामेवा, २७ ग्रॅम तेल-तूप आणि ३०० मिलिलिटर दूध असावे असे त्यांत सुचविले आहे. मीठ ५ ग्रॅमपर्यंत व साखर २५ ग्रॅमपर्यंत मर्यादित ठेवावी असा सल्ला आहे.

हे आकडे ग्रॅममध्ये असल्याने सामान्य कुटुंबास परके वाटतात. त्यांचे महिन्याच्या किराण्यात रूपांतर केल्यास चार प्रौढ माणसांच्या घरासाठी तेल व तूप मिळून सुमारे सव्वातीन किलो, मीठ ६०० ग्रॅम आणि साखर-गूळ मिळून तीन किलो ही मर्यादा ठरते. डाळी, अंडी, मांस मिळून सुमारे दहा किलो ही गरज होय. आपल्या घरातील महिन्याची यादी या आकड्यांशेजारी ठेवून पाहावी. बहुतेक वेळा कोणती वस्तू कमी करावयाची आणि कोणती वाढवावयाची, हे यादीच सांगेल. बाहेर खाल्लेले तेल व मीठ या यादीत येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

उपाययोजना

१. एक किलोमीटरच्या आतील कामे पायी व त्यापुढील शक्य ती कामे सायकलने करावीत.
२. धुळ्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान चाळीस अंशांच्या वर जात असल्याने या काळात हालचालीसाठी पहाट किंवा सूर्यास्तानंतरची वेळ निवडावी.
३. कार्यालयात व महाविद्यालयात दर तासाने उठून काही मिनिटे फिरावे. शिक्षकांनी तास उभे राहून घ्यावा.
४. सकाळ किंवा संध्याकाळ, एका जेवणात तरी ज्वारी, बाजरी वा कळण्याची भाकरी असावी.
५. बट्टी तळण्याऐवजी भाजावी. भरितास तेल मोजून घालावे. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा वापरू नये.
६. महाविद्यालयांनी लळिंग किल्ल्याच्या पदभ्रमंतीसारखे उपक्रम केवळ सहलीपुरते न ठेवता नियमित करावेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत कंबरेचा घेर व रक्तदाब तपासणी घ्यावी.
७. मधुमेह, हृदयविकार वा सांधेदुखी असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच व्यायामाचे स्वरूप ठरवावे.
८. नगर नियोजनात पादचारी मार्ग चालण्यासाठी मोकळे राहतील याकडे लक्ष द्यावे. चालण्यास जागाच नसेल तर चालण्याचा उपदेश व्यर्थ ठरतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की आरोग्यासाठी महागडी साधने वा परदेशी आहारपद्धती अपरिहार्य नाहीत. दिवसास बावीस मिनिटांची हालचाल, मोजके तेल-मीठ आणि आपल्याच मातीतील भाकरी, डाळ व पालेभाजी यांतून बरेच साध्य होऊ शकते. तथापि, हा सर्व विचार केवळ व्यक्तीच्या इच्छाशक्तीवर सोडून चालणार नाही. शहरातील सुखवस्तू घरात ताटातील तेल कमी होणे हे जितके आवश्यक आहे, तितकेच डोंगरपट्ट्यातील श्रमिक मातेच्या ताटात डाळ वाढणे आवश्यक आहे. पहिली गोष्ट सवयीने साधेल, दुसरीसाठी मजुरी, शिधा आणि शासकीय योजनांची प्रामाणिक अंमलबजावणी लागेल. या दोन्ही बाजूंचा एकत्रित विचार झाला तरच जिल्ह्याचे आरोग्य सुधारले असे म्हणता येईल.