डोंगरीच्या भिंती आणि नाव नसलेली मुले

मुंबईतील डोंगरीचा जुना तुरुंग मराठी वाचकांस ठाऊक आहे तो टिळक-आगरकरांमुळे. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली भोगलेल्या तेथील १०१ दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले. पुढे त्याच वास्तूत मुलांचे सुधारगृह आले. त्या मुलांची नावे मात्र समाजापुढे येत नाहीत, आणि त्याला कायद्याचे कारण आहे.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करण्यास मनाई आहे. कलम २४ नुसार, काही अपवाद वगळता, दोषसिद्धीच्या नोंदी अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावयाच्या असतात. बालपणीची चूक जन्मभर चिकटू नये, हा त्यामागील हेतू.

म्हणूनच सुधारगृहाचे पाडकाम साधे नसते. शाळा पाडली तरी हजेरीपट, दाखले आणि माजी विद्यार्थ्यांचे मेळावे उरतात. येथे वास्तूबरोबर आठवणींचा आधारही जातो. नावे झाकून इमारतीचे नकाशे, छायाचित्रे, दिनक्रम आणि स्वेच्छेने सांगितलेल्या आठवणी जपता येतील. मेरशीचे ‘अपना घर’ असलेल्या गोव्यानेही हे ध्यानी घ्यावे. कायदा मुलावरील डाग पुसण्यास सांगतो. संस्थेने त्याला कसे वागविले, हा इतिहास पुसण्यास नव्हे.