साहेब, धोनी आणि फ्रेडी मर्क्युरी: काही लाडके गैरसमज

कंपनीच्या नेतृत्व-प्रशिक्षणात दोन चित्रफिती जवळजवळ ठरलेल्या असतात. एकीत वानखेडेवर धोनी षटकार मारतो, दुसरीत लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर फ्रेडी मर्क्युरीच्या इशाऱ्यावर हजारो हात वर जातात. मग दिवे लागतात आणि ट्रेनर विचारतो, "यातून आपण काय शिकलो?" उत्तरंही ठरलेली: धाडस, आत्मविश्वास, झोकून देणं. जेवणाची वेळ जवळ आलेली असते, त्यामुळे वाद कुणी घालत नाही. वादाला जागा मात्र भरपूर आहे. खेळाडूंकडून आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांकडून ऑफिसात वापरता येईल असं पुष्कळ मिळतं, पण ते बहुधा फितीतून कापलेल्या भागात असतं: वेळापत्रकात, पैशाच्या वाटणीत, नियमांच्या पुस्तकात.

गैरसमज: नेता समोर उभा राहिला की जादू आपोआप होते.

१३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी वेम्ब्लीवर 'लाइव्ह एड' हा कार्यक्रम झाला. फ्रेडीच्या 'क्वीन' या बँडच्या वाट्याला आली जेमतेम वीस मिनिटं. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या २०१८ च्या चित्रपटाने ती घरोघरी पोचवली, पण सोबत एक रंगवलेली गोष्टही पोचवली. स्वतंत्र अल्बमच्या मोहात फ्रेडी सोबत्यांना सोडतो, बँड विस्कटतो, आणि बरीच वर्षं एकत्र न वाजवलेले चौघे थेट मंचावर जाऊन जग जिंकतात.

बँड विस्कटला नव्हता. १९८४ मध्ये त्यांचा 'द वर्क्स' हा अल्बम आला आणि त्याचा दौरा मे १९८५ मध्ये जपानात संपला, म्हणजे वेम्ब्लीच्या फक्त दोन महिने आधी. स्वतंत्र अल्बम फ्रेडीच्याही आधी, १९८१ मध्येच, ड्रमर रॉजर टेलरने काढला होता. आणि कार्यक्रमापूर्वी चौघांनी लंडनच्या शॉ थिएटरमध्ये घड्याळ लावून तालीम केली. कुठलं गाणं कुठे तोडायचं, कुठल्यातून कुठल्यात शिरायचं, सगळं ठरलेलं. समोरची गर्दी फक्त आपल्या चाहत्यांची नाही हे ओळखून गाणीही लोकांच्या ओळखीचीच निवडली. त्या वीस मिनिटांत फ्रेडी मोकळा वाटतो, कारण पुढच्या मिनिटाला काय करायचं याची चिंता त्याला उरलेली नव्हती. (पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकताना हाच फ्रेडी, तेव्हाचा फारोख बुलसारा, शाळेतल्या मुलांच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. मंचाची सवय जुनी होती.)

गैरसमज: टीममधली भांडणं स्वभावामुळे होतात, सहलीला नेलं की मिटतात.

पुन्हा 'क्वीन'कडेच बघू. गाणं ज्याने लिहिलं त्याला त्याचं मानधन, असा त्यांचा जुना रिवाज. १९७५ मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ची तबकडी तुफान खपली. तिच्या मागच्या बाजूला रॉजर टेलरचं मोटारीवरचं एक गाणं होतं. तबकडी एकच, त्यामुळे मागच्या बाजूलाही पुढच्याइतकाच पैसा. यावरून बँडमध्ये बरीच वर्षं धुसफूस चालली. १९८९ च्या 'द मिरॅकल' या अल्बमपासून सगळ्या गाण्यांचं श्रेय चौघांच्या नावे लावायचं ठरलं. स्वभाव कुणाचाच बदलला नाही, हिशेबाची पद्धत बदलली.

'बीटल्स'चं उदाहरण याहून बोलकं आहे. जॉन लेननची बायको योको ओनो हिच्यामुळे बँड फुटला, ही समजूत अर्धशतक टिकून आहे. एक बाई खोलीत येऊन बसली आणि जगातला सगळ्यात यशस्वी बँड मोडला, हे ऐकायला सोपं जातं. घटनांचा क्रम वेगळं सांगतो. २७ ऑगस्ट १९६७ रोजी त्यांचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाईन वयाच्या ३२व्या वर्षी वारले. एपस्टाईन काही व्यवहारात फार धोरणी नव्हते. अमेरिकेत बीटल्सच्या नावाने विकल्या जाणाऱ्या खेळण्या-विगांच्या कंत्राटात त्यांनी मिळकतीचा सिंहाचा वाटा दुसऱ्यांना देऊन टाकला होता. पण चौघांना एकत्र बसवणारा, तारखा ठरवणारा, सगळ्यांचं ऐकून घेणारा माणूस तोच होता. त्याच्या जागी कुणीच आलं नाही. चौघांनी स्वतःच धंदा करायचं ठरवलं आणि लंडनच्या बेकर स्ट्रीटवर दुकान काढलं. आठेक महिन्यांत ते बंद झालं, उरलेला माल लोकांना फुकट वाटून टाकला. १९६९ मध्ये तिघांनी अॅलन क्लाइन यांना व्यवस्थापक नेमलं. पॉल मॅकार्टनीला आपल्या सासरचे वकील हवे होते. अखेर ३१ डिसेंबर १९७० रोजी पॉलने भागीदारी मोडण्यासाठी कोर्टात दावा लावला. तो दावा तीन सोबत्यांवर आणि कंपनीवर होता, योकोवर नव्हता.

याच बँडमधली दुसरी गोष्ट जॉर्ज हॅरिसनची. गाणी म्हटली की लेनन-मॅकार्टनी हे समीकरण इतकं घट्ट झालं होतं की जॉर्जच्या वाट्याला अल्बममागे एखाद-दोन गाणी यायची. १० जानेवारी १९६९ रोजी तो तालमीतून सरळ उठून गेला. काही दिवसांनी परतला, तोही अटी घालून. १९७० मध्ये त्याने 'ऑल थिंग्ज मस्ट पास' हा तीन तबकड्यांचा अल्बम काढला, आणि त्यातली काही गाणी बीटल्ससोबतच्या तालमींत मागे पडलेली होती. बैठकीत ज्याचं म्हणणं दरवेळी "नंतर बघू"वर जातं, असा माणूस बहुतेक ऑफिसांत सापडेल. राजीनाम्याच्या दिवशी साहेबाला धक्का बसतो, त्याचं मात्र नवल वाटतं.

गैरसमज: मोठे निर्णय आतल्या आवाजावर घ्यायचे असतात.

२ एप्रिल २०११, विश्वचषकाचा अंतिम सामना. २७५ धावांचा पाठलाग, ११४ वर तिसरा गडी बाद, आणि फॉर्मातल्या युवराजला थांबवून धोनी स्वतः मैदानात उतरतो. त्या स्पर्धेत तोवर त्याची सर्वोच्च खेळी ३४ धावांची होती. म्हणून हा जुगार, हिंमत, आतला आवाज वगैरे. खरं तर हिशेब सरळ होता. खेळपट्टीवर डावखुरा गंभीर होता, युवराजही डावखुरा. श्रीलंकेकडे मुरलीधरनसह ऑफस्पिन टाकणारे होते आणि डावखुऱ्यांची जोडी त्यांच्या सोयीची झाली असती. शिवाय मुरली चेन्नई सुपर किंग्जमध्ये धोनीचा सहकारी राहिलेला. त्याची गोलंदाजी नेटमध्ये भरपूर खेळलेली. प्रशिक्षक गॅरी कर्स्टन यांच्याशी बोलून धोनी उतरला आणि नाबाद ९१ करून परतला. गंभीरच्या ९७ धावा फितीत सहसा नसतात. ही कल्पना आधी कुणाला सुचली यावर त्या ड्रेसिंग रूममधल्यांच्याच आठवणी जुळत नाहीत, आणि चांगल्या संघात असंच व्हायला हवं.

गैरसमज: मायकेल जॉर्डनला शाळेच्या बास्केटबॉल संघातून हाकललं होतं.

हाकललं नव्हतं. शाळेच्या मुख्य संघाऐवजी कनिष्ठ संघात घेतलं, तिथे त्याला भरपूर खेळायला मिळालं. वरच्या संघात जागा मिळाली ती त्याच्याहून उंच मुलाला. त्या वयाच्या मुलासाठी निर्णय चुकीचाही नव्हता. नाकारलेल्या अर्जांवर हा किस्सा मलमासारखा चोळतात, तो थांबवलेला बरा.

गैरसमज: सगळ्यात चांगलं काम करणाऱ्यालाच साहेब करावं.

सचिन तेंडुलकरने २५ कसोटींत नेतृत्व केलं, त्यातल्या ४ जिंकल्या, ९ हरल्या. १९९७ मध्ये बार्बाडोसला १२० धावा हव्या असताना संघ ८१ मध्ये आटोपला. परदेश दौरे कठीण होते हे खरंच, पण आकडे आकडेच. गंमत पुढची आहे. २००७ मध्ये कर्णधारपदासाठी धोनीचं नाव सचिननेच सुचवलं, असं तेव्हाचे क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष शरद पवार यांनी सांगितलं आहे. माणूस ओळखणं आणि माणसं चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्या कंपन्या बढती देताना दोन्हींऐवजी तिसरंच काहीतरी मोजतात.

गैरसमज: निकाल बघा, नेता कळतो.

अजित वाडेकर १९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतावर भारताचे कर्णधार झाले. वेस्ट इंडीजमध्ये किंग्स्टनच्या कसोटीचा पहिला दिवस पावसाने धुतला. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या आणि भारताला १७० धावांची आघाडी मिळाली. फॉलोऑनला २०० लागतात या समजुतीत गॅरी सोबर्स निश्चिंत होते. पहिला दिवस वाया गेला की सामना चार दिवसांचा धरतात आणि १५० पुरतात, हा नियम वाडेकरांना माहीत होता. त्यांनी समोरच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन तो शांतपणे सांगितला. सामना अनिर्णित राहिला, पण बलाढ्य यजमानांना फॉलोऑन मिळाला होता. पुढची पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी भारताने जिंकली, मग मालिका, आणि त्याच वर्षी इंग्लंडमधलीही.

तीन वर्षांनी लॉर्ड्सवर संघ ४२ धावांत बाद झाला, मालिका ०-३ गेली. तोच माणूस, तीच समज. इंदूरमध्ये १९७१ च्या विजयाच्या आठवणीसाठी उभारलेल्या बॅटच्या स्मारकाला लोकांनी काळं फासलं, पश्चिम विभागाच्या संघातूनही वाडेकरांना वगळलं आणि त्यांनी निवृत्ती घेतली. १९९३ मध्ये भारताने मायदेशात इंग्लंडला ३-० ने हरवलं, तेव्हा संघाचे व्यवस्थापक अजित वाडेकर होते.