चुनखडीच्या मुलखात प्रवाळांची टाकी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना आणि राजुरा तालुक्यांत चुनखडीला तोटा नाही. गडचांदूर आणि आवारपूरचे सिमेंट कारखाने याच दगडावर चालतात. त्यामुळे या भागातल्या एखाद्या मत्स्यप्रेमीने गप्पी, एंजल पुरे झाले म्हणून खाऱ्या पाण्याची टाकी करायची ठरवली, की त्याला पहिला प्रश्न ठरलेला पडतो. प्रवाळांचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा आणि आपल्या खाणीतला दगडही कॅल्शियम कार्बोनेटचा. मग मोठ्या शहरातून किलोच्या भावाने दगड का मागवायचा?

प्रश्न रास्त आहे. पैनगंगेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकगटातली ही चुनखडी खरोखरच समुद्रतळाशी साचली. पण तो समुद्र प्रोटेरोझोइक काळातला. तेव्हा मासे नव्हते आणि प्रवाळही नव्हते. आज समुद्रात खडक बांधणाऱ्या प्रवाळांचे पूर्वज साधारण २४ कोटी वर्षांपूर्वी दिसू लागतात. कोरपन्याची चुनखडी त्यांच्याहून कितीतरी जुनी. गडचिरोलीत सिरोंचाकडे, प्राणहितेकाठच्या कोटा गावावरून ओळखला जाणारा चुनखडकही प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकापासून त्यात जुरासिक काळातल्या माशांचे जीवाश्म सापडत आले आहेत. तो खडक मात्र मुख्यतः गोड्या पाण्याच्या तळ्यांतला.

अडचण दगडाच्या वयाची नाही, त्याच्या घट्टपणाची आहे. वरच्या थरांचा भार सोसून कोरपन्याची चुनखडी इतकी दाट झाली आहे की तिच्या आत पाणी जवळजवळ शिरतच नाही. टाकीतल्या दगडाचे मोल त्याच्या आतल्या पोकळ्यांवर ठरते. गडचिरोलीच्या जंगलात वारूळ पाहिलेल्याला हे लगेच पटेल. वारुळाची माती आजूबाजूच्याच मातीतली असते. महत्त्वाच्या असतात त्या आतल्या वाटा, त्यांतून खेळणारी हवा आणि तिथे राहणारी वस्ती. शौकीन ज्याला ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात तोही असाच वस्तीचा दगड असतो. मेलेल्या प्रवाळांचा जाळीदार सांगाडा, त्यावर गुलाबी-जांभळ्या शैवालाचा थर, फटींतून किडे आणि स्पंज, आणि साऱ्या छिद्रांच्या भिंतींवर जिवाणू. माशांच्या उत्सर्जनातला अमोनिया विषारी. बाहेरच्या, प्राणवायू मिळणाऱ्या भागातले सूक्ष्मजीव त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. आत खोल, जिथे प्राणवायू संपतो, तिथले जिवाणू नायट्रेटमधला नायट्रोजन वायुरूपात मोकळा करतात. एकाच दगडात दोन वेगळ्या हवामानांची वस्ती!

हे टाकीत करून दाखवणाऱ्या माणसाचे नाव मात्र फारसे घेतले जात नाही. जाकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये ‘ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट’ या अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्रातले जिवंत दगड, समुद्राचेच पाणी, भरपूर उजेड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर त्यांची टाकी चालत असे. त्या काळात इतर बहुतेक ठिकाणी खाऱ्या टाकीत ब्लीच करून पांढरीफटक केलेली प्रवाळे शोभेला ठेवत आणि तळाच्या रेतीतून पाणी गाळत. पुढे बर्लिनच्या शौकिनांनी जिवंत दगडाला फेस काढणारे स्किमर, प्रखर दिवे आणि चुन्याची निवळी यांची जोड दिली. आपल्या शाळेतल्या प्रयोगातली, फुंकर मारली की दुधाळ होणारीच ती निवळी. टाकीतल्या प्रवाळांना ती कॅल्शियम पुरवते. ही सुधारणा मोलाची होती. पण सारी पद्धतच ‘बर्लिन पद्धत’ म्हणून जगभर गेली आणि जाकार्ताचा माणूस तळटिपेत राहिला. हा अन्याय दुरुस्त व्हायलाच हवा.

मत्स्यालयांनी विज्ञानाला दिलेले दान एवढ्यावर संपत नाही. अमोनियाचे नायट्राइट जिवाणूच करतात, असे शंभरावर वर्षे मानले जात होते. २००५ मध्ये मार्टिन क्योन्नेके आणि सहकाऱ्यांनी हेच काम करणारा, आर्किया या अगदी वेगळ्या कुळातला सूक्ष्मजीव शुद्ध स्वरूपात वाढवून दाखवला. नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हे त्याचे नाव. त्याचे नातलग महासागरांत अफाट संख्येने आहेत. आणि तो मिळाला कुठे, तर अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या मत्स्यालयात, उष्ण कटिबंधीय टाकीच्या तळच्या खड्यांत.

मग कोकणातून किंवा लक्षद्वीपहून असा जिवंत दगड आणावा का? मुळीच नाही. खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे. ताडोबाच्या शेजारी राहणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. मालवणजवळचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. प्रवाळ-खडकाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही साइट्स कराराचे नियंत्रण आहे. दुकानदार ‘जुना स्टॉक आहे’ म्हणून दगड पुढे करू लागला, तर तो हातात न घेतलेलाच बरा.

यावर उपाय आहे, आणि गंमत म्हणजे तो पुन्हा कोरपन्यालाच येऊन मिळतो. सिमेंट, कॅल्शियम कार्बोनेटची जाड रेती आणि जाडे मीठ कालवून घरीच दगड ओतता येतो. घट्ट झाल्यावर तो पाण्यात टाकला की मीठ विरघळते आणि त्याच्या जागी पोकळ्या उरतात. ज्या चुनखडीत पाणी शिरत नव्हते, ती भट्टीतून जाऊन सिमेंट झाली की जाळीदार दगडात बसते! धीर मात्र धरावा लागतो. ताज्या सिमेंटमधल्या चुन्याने पाण्याचा पीएच १२ पर्यंत चढू शकतो, आणि प्रवाळांना हवा असतो ८.१ ते ८.३. म्हणून कित्येक आठवडे पाणी बदलत दगड भिजत ठेवायचा आणि पीएच उतरून स्थिर झाल्यावरच तो टाकीत न्यायचा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. चुनखडीचा दगड टाकीचा पीएच आणि कॅल्शियम आपोआप सांभाळतो, असे विक्रेते सांगतात. गोड्या, आम्लधर्मी पाण्यात दगड थोडा झिजतो, ते खरे. पण समुद्राच्या वरच्या थरातले पाणी कॅल्शियम कार्बोनेटने आधीच अतिसंपृक्त असते. त्यात दगड विरघळणार कसा? प्रवाळ वाढू लागले की कॅल्शियम वरून द्यावेच लागते.

आता मांडणी. पूर्वी टाकीच्या मागच्या काचेला टेकवून दगडांची सलग भिंत रचत. ती दिसायला भरगच्च, पण तिच्यामागे पाणी थांबते आणि गाळ साचून कुजतो. दगडातल्या वस्तीला अमोनिया आणि प्राणवायू पाण्याच्या प्रवाहातूनच मिळतात. म्हणून आता कमी दगड, दोन-तीन वेगळी बेटे, मधे मोकळी जागा आणि काच पुसायला हात फिरेल एवढे अंतर अशी रचना करतात. पायाचे दगड आधी थेट तळावर बसवायचे आणि रेती नंतर ओतायची. कारण पिस्तूल कोळंबी आणि तिच्यासोबत राहणारे गोबी मासे रेती उकरतात. दगड रेतीवर ठेवला असेल तर एक दिवस तो काचेवर कोसळतो. तीन टेकूंवर ठेवलेला दगड सहसा डगमगत नाही. सांधे सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाने किंवा सिमेंटने जोडतात. माथ्यावर सपाट जागा सोडायची, कारण अ‍ॅक्रोपोरासारख्या शाखादार प्रवाळांना प्रखर उजेड आणि जोराचे पाणी लागते. मऊ प्रवाळ खालच्या सावलीत सुखी असतात. प्रत्येक माशाला शिरता येईल आणि दुसऱ्या बाजूने निघता येईल अशी कपार हवी. एकच तोंड असलेल्या बिळात दांडगा मासा दुबळ्याला कोंडून मारतो. ‘इतक्या लिटरला इतके किलो’ हा हिशेब मात्र विसरावा. जाळीदार दोन किलोंत जेवढा पृष्ठभाग मिळतो तेवढा दाट दहा किलोंतही मिळत नाही.

नव्या दगडात वस्ती जमायला साधारण महिना-दीड महिना लागतो. तोवर मासे नकोत. थोडा अमोनिया घालून तो आणि नायट्राइट, दोन्ही दिवसभरात शून्यावर येतात का, ते तपासत राहायचे. पाणीही बोअरचे चालत नाही. या पट्ट्यात ते जड असते आणि अनेक गावांत त्यात फ्लोराइडही असते. आरओचेच पाणी घेऊन त्यात समुद्री मीठ मिसळावे लागते.

आणि मग येतो मे महिना. बाहेर पारा ४५ अंशांपुढे आणि टाकीला हवे २५-२६. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मुरतो आणि मासे व जिवाणू तर तो अधिकच ओढतात. त्यात भर दुपारी वीज गेली तर पाणी गार ठेवणारा चिलर बंद पडल्याच्याही आधी काळजी करावी लागते ती थांबलेल्या प्रवाहाची, कारण दगडातली सारी वस्ती साठलेला प्राणवायू झपाट्याने संपवू लागते. चंद्रपुरात अशी टाकी करणाऱ्याने खर्चाच्या यादीत महागड्या दिव्यांच्या वर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लिहावा.