सेवाग्रामचा नास्तिक, पवनारचा राम
(लेखमाला ‘देव, दैव आणि आपण’ : भाग सातवा)

१९४४ च्या हिवाळ्यात गोपाराजु रामचंद्र राव नावाचे एक तेलुगू गृहस्थ वर्ध्याला उतरून सेवाग्रामला पोहोचले. नावाची आद्याक्षरं जुळवून लोक त्यांना ‘गोरा’ म्हणत. वय बेचाळीस, पेशाने वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. देव नाही असं उघड सांगत फिरतात म्हणून त्यांची काकीनाड्याची नोकरी गेली होती, पुढे मछलीपट्टणमचीही सुटली. १९४० मध्ये कृष्णा जिल्ह्यातल्या मुदुनूर या खेड्यात त्यांनी नास्तिक केंद्र काढलं आणि अस्पृश्यांच्या वस्तीत प्रौढशिक्षणाचे वर्ग सुरू केले. असा माणूस रामनामावर श्रद्धा ठेवणाऱ्या म्हाताऱ्याकडे कशाला आला, हा प्रश्न आश्रमात अनेकांना पडला असणार. गांधीजींनी तर पहिल्याच भेटीत हसत विचारून टाकलं, की देव न मानणाऱ्याशी बोलायचं तरी काय!

बोलणं मात्र झालं, आणि भरपूर झालं. संध्याकाळी फिरायला जाताना, मातीच्या कुटीत, पुढे वर्ष-दीड वर्ष, अधूनमधून.

गोरांचा मुद्दा देवापेक्षा दैवाबद्दलचा होता, आणि तिथेच तो धारदार होता. १९४३ च्या दुष्काळात त्यांनी कलकत्ता पाहिलं होतं. खाद्यपदार्थांनी भरलेल्या दुकानांसमोर, फुटपाथवर माणसं भुकेने मरत होती आणि कुणी दुकानाला हात लावत नव्हतं. आपल्या नशिबात हेच लिहिलेलं आहे, असं मरणाऱ्यालाही वाटत होतं आणि शेजारून जाणाऱ्यालाही. ही माणसं नास्तिक असती तर अशी निमूट मेली नसती, असं गोरांचं म्हणणं. त्यांच्या लेखी नास्तिकपणा हा तत्त्वज्ञानाच्या तासाचा विषय नव्हताच. माणसाने आपल्या हालांची जबाबदारी वर ढकलू नये, एवढाच त्याचा अर्थ.

गांधीजींनी हा युक्तिवाद उडवून लावला नाही. तुमचं चूक आणि माझं बरोबर असं मी म्हणू शकत नाही, दोघेही सत्य शोधतो आहोत, अशा आशयाचं ते बोलले. याला भिडस्तपणा समजायचं कारण नाही, कारण त्यामागे जुना इतिहास आहे. १८९१ मध्ये लंडनमध्ये शिकत असताना चार्ल्स ब्रॅडलॉ या गाजलेल्या नास्तिकाच्या अंत्यविधीला गांधीजी हजर होते. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १९३१ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या सभेत त्यांनी ‘ईश्वर हे सत्य आहे’ हे आपलं जुनं वाक्य उलटवून ‘सत्य हाच ईश्वर’ असं मांडलं, तेव्हाही ब्रॅडलॉचं नाव काढलं. देव नाकारणारासुद्धा सत्य नाकारत नाही, ही त्यामागची सोय. गोरांसाठी दार आधीच उघडलेलं होतं म्हणायचं.

त्या दाराची परीक्षा एका लग्नाने घेतली. गोरांची थोरली मुलगी मनोरमा हिचं लग्न अर्जुनराव या दलित तरुणाशी ठरलं होतं. ते सेवाग्रामला लावावं आणि विधीत ईश्वराचं नाव येतं तिथे ‘सत्य’ म्हणावं, हे गांधीजींनी मान्य केलं. लग्न लागायच्या आधीच ३० जानेवारी १९४८ उजाडली. तरीही ठरल्याप्रमाणे त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सेवाग्रामला हे लग्न लागलं, देवाचं नाव न घेता. वर्ध्याच्या पंचक्रोशीत त्या काळी याहून धीट लग्न शोधून सापडायचं नाही.

आता या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ही लेखमाला आरतीसंग्रह होईल.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला, हजारो माणसं गेली. गांधीजी तेव्हा हरिजनयात्रेत दक्षिणेत होते. ही यात्रा दोनच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १९३३ मध्ये, वर्ध्यातूनच निघाली होती. तिरुनेलवेलीच्या सभेत ते म्हणाले, की हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने दिलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोर चकित झाले. निसर्गाच्या घडामोडींना नैतिक कारण चिकटवणं लोकांच्या अंधश्रद्धेला खतपाणी घालणारं आहे, असं त्यांनी लिहून कळवलं. गांधीजींनी ते ‘हरिजन’मध्ये छापलं, सोबत आपलं उत्तरही छापलं आणि मत बदललं नाही. टागोरांचं म्हणणं सरळ होतं आणि आजही सरळच वाटतं. अस्पृश्यता तर दक्षिणेतही कमी नव्हती, मग जमीन बिहारचीच का हादरली? आणि तिथे मेलेल्यांत अस्पृश्य नव्हते का? गांधीजींच्या उत्तरात याचा पटेल असा खुलासा सापडत नाही. कलकत्त्यातल्या मरणाऱ्याने ‘नशीब’ म्हणणं आणि महात्म्याने ‘देवाचा कोप’ म्हणणं यांत फार अंतर राहत नाही, आणि गोरांनी दहा वर्षांनी नेमकं याच जागी बोट ठेवलं.

पण तेच गांधीजी परचुरेशास्त्रींच्या बाबतीत कसे वागले ते पाहिलं की चित्र गुंतागुंतीचं होतं. परचुरेशास्त्री संस्कृतचे जाणकार, येरवड्याच्या तुरुंगातले सहकैदी. त्यांना कुष्ठरोग झाला. १९३९ मध्ये ते सेवाग्रामला आले, तेव्हा सारं अंग जखमांनी भरलेलं होतं. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ मध्येच शोधून काढला होता. तरी आपल्याकडे त्याला ‘महारोग’ म्हणायचं आणि गेल्या जन्मीच्या पापाच्या खात्यावर मांडायचं, हीच रीत होती. खुद्द घरची माणसं रोग्याला गावकुसाबाहेर काढत, वर ‘भोग आहेत, भोगले पाहिजेत’ म्हणत. गांधीजींनी शास्त्रींना आपल्या कुटीजवळ झोपडी बांधून दिली आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगाला मालीश करू लागले. ती परचुरे कुटी आश्रमात आजही पाहायला मिळते. भूकंपात ईश्वराची शिक्षा पाहणाऱ्या माणसाने या रोगात ती पाहिली नाही. का पाहिली नाही, याचं तर्कशुद्ध उत्तर मागायला गेलं तर बहुधा मिळणार नाही.

वर्ध्याजवळच दत्तपूरला विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केलं होतं. परचुरेशास्त्री अखेरच्या काळात तिथेच राहिले. याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटला जन्मलेल्या मुरलीधर देवीदास आमटे यांनी पुढे वरोऱ्याला आनंदवन उभं केलं. दिवाण विनोबांच्या वळणाचे, आमटे वेगळ्याच. दोघांच्याही दवाखान्यात रोग्याला पूर्वजन्म विचारला जात नव्हता.

या सगळ्या माणसांना एका ‘गांधीवादी’ पिशवीत कोंबायची आपली सवय आहे. जवळून पाहिलं तर त्यांच्यात एकवाक्यता फारच थोडी दिसते. सेवाग्रामच्या प्रार्थनेची सुरुवात ‘नम्यो हो रेंगे क्यो’ या जपानी बौद्ध मंत्राने होई, मग उपनिषद, कुराण, अवेस्ता. मंत्र आणणारे भिक्षू फुजी गुरुजींच्या पंथातले. आश्रमात भन्साळीकाका होते. मौन मोडू नये म्हणून त्यांनी एके काळी तारेने ओठ शिवून घेतले होते, आणि चिमूरच्या अत्याचारांच्या चौकशीसाठी १९४२-४३ मध्ये त्रेसष्ट दिवस उपास केला होता. आणि होते किशोरलाल मश्रूवाला. दम्याने कायम त्रस्त, बुद्धीने अतिशय काटेकोर. अवतार, चमत्कार आणि मूर्तीची षोडशोपचार पूजा यांवर त्यांनी ‘जीवनशोधन’मध्ये जे लिहिलं, ते आजच्या काळात छापताना संपादक दोनदा विचार करील. गोरांच्या ‘अ‍ॅन एथिस्ट विथ गांधी’ या पुस्तकाला प्रस्तावना याच मश्रूवालांची आहे. १९५१ मध्ये ते पुस्तक काढलं नवजीवन या गांधीजींच्या स्वतःच्या प्रकाशनाने. नास्तिकाचं पुस्तक, आस्तिकाची प्रस्तावना, महात्म्याचा छापखाना!

सेवाग्रामहून पवनार फार लांब नाही. धाम नदीच्या काठी जमनालाल बजाजांचा लाल बंगला होता. १९३८ मध्ये प्रकृती पार ढासळलेले विनोबा तिथे राहायला आले. पूल ओलांडताना ‘संन्यस्तं मया’ असं तीनदा म्हणून त्यांनी सगळ्या चिंता खाली ठेवल्या, आणि पुढे रोज कुदळ घेऊन आवारात खणू लागले. खणता खणता एक दगडी शिल्प हाती लागलं. राम आणि भरत यांची भेट. त्याआधी, १९३२ मध्ये, धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं देताना विनोबांनी याच भेटीच्या चित्राची कल्पना मांडली होती. तेव्हा मनात पाहिलेलं चित्र आता पायाखालून दगडात कोरलेलं वर आलं. विनोबांना यात ईश्वराचा प्रसाद दिसला. त्यांनी ती मूर्ती स्थापन केली, आणि १९५९ मध्ये स्त्रियांसाठी सुरू झालेल्या ब्रह्मविद्या मंदिरात ती आजही आहे.

महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी हेच पवनार पाहिलं आणि त्यांना वाकाटक दिसले. प्रवरसेन दुसरा याची राजधानी प्रवरपूर ती हीच, इथे रामाचं मंदिर होतं आणि सापडलेली शिल्पं त्या मंदिरावरच्या रामायणकथेची, असा त्यांचा सिद्धान्त. काही अभ्यासकांना तो मान्य नाही. ते प्रवरपूर रामटेकजवळच्या मनसरला नेतात. म्हणजे दगड तेच, आणि त्यांत एकाला ईश्वराचा संकेत दिसतो, दुसऱ्याला पाचव्या शतकातला राजा. गंमत अशी, की दोन्ही वाचनं एकमेकांच्या आड येत नाहीत. जुन्या राजधानीच्या जागेवर खणलं तर मूर्ती निघणारच, हे मिराशींचा वाचक म्हणेल. नेमकी हीच मूर्ती, याच माणसाला का, हे विनोबांचा भक्त विचारील. या दुसऱ्या प्रश्नाला पुरातत्त्वखात्याकडे रकाना नाही.

समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर तर हा खेळ शतकानुशतकं चाललेला आहे. तिथे शेख फरीद बाबांचा दर्गा आहे, आणि हिंदू-मुसलमान दोघेही नवस फेडायला येतात. टेकडीवर गोल, गुळगुळीत दगडगोटे विखुरलेले दिसतात. व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली, म्हणून त्यांचे नारळ आणि बाकीचा माल दगड झाला, अशी कथा. जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्येही ती नोंदलेली आहे. भूशास्त्र सांगतं, की साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी खनिजं साचत गेली, भोवतालचा काळा खडक झिजला आणि गोटे सुटे झाले. नवसाला आलेल्या बाईला हे सांगितलं तर ती ऐकून घेईल, आणि एक गोटा पदरात बांधून घरी नेईल. त्यात कुणाचं काही बिघडत नाही.

बिघडतं केव्हा, ते वरच्या उदाहरणांतून दिसतं. स्वतःवर आलेल्या प्रसंगाला ‘दैव’ म्हणणारा माणूस धीर गोळा करत असतो. दुसऱ्यावर आलेल्या प्रसंगाला ‘दैव’ म्हणणारा बहुतेक वेळा हात झटकत असतो. कापूस बुडालेल्या शेतकऱ्याने ‘नशीब’ म्हणणं आणि त्याच्या बांधावर उभं राहून अधिकाऱ्याने किंवा सावकाराने ‘नशीब’ म्हणणं, हे एकच नव्हे. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी खास पॅकेज जाहीर केलं, त्यांत वर्धा होता. तिथे नशिबाची चर्चा करण्याआधी कर्ज, पाणी आणि भाव यांची चर्चा व्हायला हवी, हे सांगायला नास्तिक असण्याची गरज नाही.

मरणाच्या बाबतीत मात्र हा हिशेब वेगळा होतो, कारण तिथे माणूस स्वतःपुरताच निर्णय करत असतो. गोव्यातल्या सांखवाळला जन्मलेले बौद्ध पंडित धर्मानंद कोसंबी आयुष्याच्या शेवटी सेवाग्रामला आले. जगन्नियंता ईश्वर त्यांच्या विचारात बसत नव्हता. शरीर आजाराने जर्जर झालं होतं, कुणावर भार व्हायचं नव्हतं. अन्न सोडून त्यांनी ४ जून १९४७ रोजी तिथे देह ठेवला. पस्तीस वर्षांनी पवनारला विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. त्यांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारलं, आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, ऐन दिवाळीत, ते गेले. विनोबांच्या ओठांवर रामहरीचं नाव होतं, कोसंबींना तशा नावाची गरज वाटली नव्हती. (१५ नोव्हेंबर हा गोरांचा जन्मदिवस. दैव मानणाऱ्यांनी यातून काय काढायचं ते काढावं. गोरांनी याला निव्वळ योगायोग म्हटलं असतं.)

दोघांच्या मरणावर तेव्हाही टीका झाली नाही असं नाही, पण दोघांपैकी कुणीही आपली वाट इतरांवर लादली नाही, ही नोंद महत्त्वाची आहे.

वर्ध्यापासून पाऊणशे किलोमीटरवर, नागपुरात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसांनी एकाच दिवशी जुने देव बाजूला ठेवले, बौद्ध धम्म स्वीकारला आणि बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्यांत वर्धा जिल्ह्यातल्या गावोगावचे लोक होते. त्यांच्या घरांत दैवाची भाषा पुढे टिकली, बदलली की संपली, हे पुढच्या भागात पाहू. वर्धा, पुलगाव, आर्वी, हिंगणघाट या भागांतल्या वाचकांकडे त्या दिवसाच्या घरच्या आठवणी, पत्रं किंवा छायाचित्रं असतील, तर संपादकांच्या पत्त्यावर जरूर पाठवावीत.