ट्रकवरचा बिनतारी संच : वॅट किती घ्यावेत?

ट्रकवर बसवायचा बिनतारी संच किती शक्तीचा असावा, हा विषय कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात का मांडावा, अशी शंका काही वाचकांना येईल. शास्त्र शाखेच्या मित्रांनी तर चेष्टाही करून झाली आहे. परंतु आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे घरात कोणताही कागद आला, मग तो बँकेचा असो, आर.टी.ओ.चा असो की एखाद्या यंत्राच्या खोक्यातला असो, तो वाचण्याचे काम माझ्याकडे येते. माझे वडील ट्रक चालवतात. गाडी स्वतःची आहे, हप्ते अजून चालू आहेत. अकोल्याहून डाळ, हंगामात वरूड-मोर्शीची संत्री आणि अधूनमधून परतवाडा-धारणीमार्गे बऱ्हाणपूरचे भाडे, असा त्यांचा धंदा. गेल्या पावसाळ्यात सेमाडोहच्या पुढे झाड पडून रस्ता बंद झाला. फोनला रेंज नाही. सकाळपर्यंत घरी कोणाला काही कळले नाही. तेव्हापासून 'वायरलेस घ्यायचा' ही गोष्ट घरात निघाली. बाबांच्या एका जोडीदाराने सल्ला दिला, "घ्यायचा तं शंभर वॅटचा घे, धारणीहून अमरावतीले बोलशीन." हा सल्ला कितपत खरा, हे पाहण्यासाठी मी भौतिकशास्त्राची पुस्तके आणि सरकारी नियम चाळले. त्यातून जे समजले ते येथे मांडतो.

ज्याला 'सिटिझन्स बँड' किंवा थोडक्यात 'सी.बी.' म्हणतात तो २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा लहरींचा पट्टा होय. अमेरिकेत १९५८ साली तो सामान्य माणसांना बोलण्यासाठी मोकळा झाला. त्याचे नाव गाजले ते मात्र ट्रकवाल्यांमुळे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तेथे वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आली. डिझेल कोठे मिळते, पोलीस कोठे उभे आहेत, पुढे रस्ता मोकळा आहे का, हे एकमेकांना सांगण्यासाठी हजारो चालकांनी गाडीत असे संच बसवले. १९७८ साली 'कॉन्व्हॉय' नावाचा चित्रपटही या ट्रकवाल्यांवर निघाला. १९७७ पासून तेथे २३ ऐवजी ४० चॅनेल झाले. ९ वे चॅनेल संकटकाळासाठी, तर १९ वे चॅनेल ट्रकवाल्यांचे ठरून गेले. आपल्याकडे चालकांची ही भाषा हॉर्न, डिपर आणि धाब्यावरची खाट यांवरच चालत आली, आणि पुढे मोबाईल आला. म्हणून वऱ्हाडात हा संच कोणाच्या गाडीत सहसा दिसत नाही.

आता शक्तीचा मुद्दा. बाबांचे म्हणणे सरळ होते, "वॅट जास्त म्हंजे आवाज दूर, एवढं तं मले बी समजते." निम्मे खरे आहे. मोकळ्या अवकाशात शक्ती चौपट केली तर पल्ला दुप्पट होतो. परंतु ट्रक अवकाशात धावत नाही. जमिनीलगत धावणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत सरळ आलेली लहर आणि जमिनीवरून परतलेली लहर एकमेकींना खातात. तेथे पल्ला दुप्पट करायला शक्ती सोळापट लागते. म्हणजे ४ वॅटच्या जागी १०० वॅट, अर्थात पंचवीसपट शक्ती लावली, तरी पल्ला वाढतो जेमतेम सव्वादोनपट. चार वॅटच्या संचाचे बोलणे आपल्या सपाटीवर पाच ते आठ किलोमीटर जाते असे धरले, तर शंभर वॅटचे फार तर अठरा. धारणी कोठे आणि अमरावती कोठे!

याहून महत्त्वाची गोष्ट उंचीची आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला सुमारे ४.१ ने गुणावे. लहरींचे क्षितिज तेवढे किलोमीटर दूर असते. चार मीटर उंचीवर टोक असेल तर आठ किलोमीटर. समोरच्या गाडीचेही आठ. दोन्ही मिळून सोळा, तेही मध्ये काही आडवे नसेल तर. बडनेरा ते मूर्तिजापूर, तेथून बोरगाव मंजू, हा रस्ता या हिशेबाला सोयीचा आहे. (याच अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला होता. रस्त्याचे कौतुक झाले, रस्त्यावरच्या माणसाचे फारसे नाही.) मेळघाटात हा हिशेब कोसळतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंच, अमरावती साडेतीनशेच्या आत. चिखलदऱ्याच्या कड्यावर उभा राहिलेला माणूस चार वॅटवर शंभर किलोमीटरपर्यंतचे क्षितिज गाठू शकतो. सेमाडोह मात्र सिपना नदीच्या खोऱ्यात आहे. चारी बाजूंनी डोंगर. तेथून शंभर वॅट सोडा, त्यातली बरीचशी शक्ती समोरच्या डोंगराला तापवील आणि अमरावतीला ऐकू येणार नाही. ज्या जागेसाठी आम्हाला संच हवा होता, नेमक्या त्याच जागी वॅट कामाचे नाहीत.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. सूर्यावरील डागांचे चक्र साधारण अकरा वर्षांचे असते आणि त्याचा जोर २०२४ च्या सुमारास शिगेला पोहोचला होता. अशा काळात २७ मेगाहर्ट्झच्या लहरी वरच्या वातावरणातील विद्युत्भारित थरावर आदळून हजार-दोन हजार किलोमीटरवर उतरतात. म्हणजे हरिसालजवळ अडकलेल्या चालकाचे बोलणे कदाचित परमुलखात कोणाला ऐकू येईल, आणि पंधरा कोसांवरच्या परतवाड्याला येणार नाही. मधला सगळा टापू कोरडा राहतो. विक्रेते ज्या 'हजार किलोमीटर रेंज'ची फुशारकी मारतात ती बहुधा ही. तिच्यावर भाडे ठरवता येत नाही.

शिवाय बोलणे दोघांचे असते. माझा संच शंभर वॅटचा आणि समोरच्याचा चार वॅटचा असेल, तर मी त्याला ऐकू येईन, पण त्याचे उत्तर माझ्यापर्यंत पोहोचणार नाही. अमेरिकेतले हौशी लोक अशा संचाला 'मगर' म्हणतात, तोंड मोठे आणि कान नाहीत म्हणून. आपल्या गावातही असे काही पुढारी आपण पाहतो.

कायद्याची बाजू तर आणखी स्पष्ट आहे. बिनतारी संच परवान्याशिवाय जवळ बाळगणे हाच आपल्याकडे १९३३ च्या कायद्यापासून गुन्हा ठरला आहे, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही त्याला बंदी आहे. त्यातून सवलत कोणती? २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ५ वॅटपर्यंत प्रक्षेपित शक्ती असेल तर परवान्याची गरज काढून टाकली. अट अशी की, तुमच्यामुळे दुसऱ्याला व्यत्यय येता कामा नये आणि दुसऱ्यामुळे तुम्हाला आला तर तक्रार करायची नाही. ही शेवटची अट मला प्रथम विचित्र वाटली. मग कळले की नेमका हाच पट्टा जगभर कारखाने आणि दवाखान्यांतील यंत्रांसाठी राखलेला आहे. प्लॅस्टिक चिकटवण्याची यंत्रे आणि फिजिओथेरपीत सांधे शेकण्याची यंत्रे २७.१२ मेगाहर्ट्झवर चालतात. त्यांच्या घरात आपण पाहुणे.

खरेदी करणाऱ्याने येथे चॅनेलचा हिशेब अवश्य करावा. अमेरिकन मोजणीत पहिले चॅनेल २६.९६५ वर आणि २७ वे २७.२७५ वर येते. २८ वे २७.२८५ वर, म्हणजे आपल्या हद्दीच्या बाहेर. तेव्हा चाळीस चॅनेलचा संच घेतला तरी आपल्याकडे त्यातले पहिले २७ च वापरायचे. ट्रकवाल्यांचे १९ वे चॅनेल, २७.१८५ वर, सुदैवाने आत आहे. विक्रेता हे सांगेलच असे नाही. संचाला भारत सरकारच्या बिनतारी शाखेची मान्यता आहे का, हेही त्यालाच विचारावे आणि कागद मागावा. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांसाठी अशा संचांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती या कागदाच्या अभावामुळेच.

'दहा मीटरचा हौशी संच' या नावाखाली मिळणारे पन्नास-शंभर वॅटचे संच ही दुसरी पळवाट. तो पट्टा २८ मेगाहर्ट्झच्या वरचा आणि हॅम परवानाधारकांचा. ती परीक्षा बारा वर्षांवरील कोणीही देऊ शकतो, मीही देण्याच्या विचारात आहे. परंतु त्या परवान्यावर धंद्याचे बोलणे चालत नाही. डाळ उतरली का, भाडे मिळाले का, हे त्यावर विचारणे नियमाबाहेर. जादा शक्तीसाठी संचाच्या पाठीमागे जोडायची पेटीही मिळते. अशी स्वस्त पेटी ताणून चालवली की मूळ लहरीबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचा कचराही बाहेर पडतो. २७.१८५ ची चौपट होते १०८.७४. विमानांना धावपट्टीवर उतरण्याची दिशा दाखवणाऱ्या लहरी १०८ ते ११२ च्या दरम्यान असतात. एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्यालाही प्रवासी विमान उतरू लागले आहे, आणि बडनेऱ्याचा रस्ता तेथून दूर नाही.

मग पैसे कशावर घालावेत? माझ्या मते अँटेनावर. २७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी अकरा मीटर, तिचा चौथा भाग पावणेतीन मीटर. एवढी काठी ट्रकच्या टपावर उभी करणे म्हणजे रेल्वे फाटकावरच्या तारेला आमंत्रण. म्हणून तळाशी गुंडाळी दिलेली सव्वा-दीड मीटरची काठी घ्यावी. लोहचुंबकाची बैठक पत्र्याच्या टपावर चांगली बसते, फायबरच्या टपावर बसत नाही. तेथे आरशाच्या दांडीला पक्की पट्टी मारून, ती पट्टी चेसिसला तारेने जोडावी. हे विसरले तर चांगला संचही मुका राहतो. कापसाच्या गाठी भरल्या की हौदा केबिनच्या वर जातो. काठी त्याच्या आड जाऊ नये, आणि तिचे टोक भरलेल्या मालापेक्षा फार वरही नको. अँटेना बसवल्यावर परतणारी शक्ती मोजायचे एक छोटे मीटर असते. आकडा दीडच्या आत असावा, तीनच्या वर गेला तर बोलूच नये. विहिरीवरची मोटार चालू ठेवून पाईपचे तोंड दाबले तर मोटारीचे जे होते, तेच संचाचे होते.

आणि व्होल्ट! मोठ्या ट्रकला बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट असतात. हे संच बहुतेक बारा व्होल्टचे. थेट जोडला तर पहिल्याच दिवशी धूर. काही इलेक्ट्रिशियन दोनपैकी एकाच बॅटरीवरून तार काढून देतात. संच चालतो, पण एक बॅटरी उपाशी आणि दुसरी अजीर्ण अशी अवस्था होऊन दोन्ही लवकर मरतात. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर वेगळा घ्यावा, तार थेट बॅटरीवरून फ्यूज घालून आणावी. चार वॅटच्या संचाला दोन-तीन अँपिअर पुरतात. शंभर वॅटला पंधरा-वीस लागतील. रात्री इंजिन बंद करून उभ्या असलेल्या गाडीला हे झेपणारे नाही, आणि अडकलेली गाडी बहुधा तशीच उभी असते.

बोलताना माइक किन्नरच्या हाती द्यावा. २०१९ च्या दुरुस्तीपासून हातात धरायचे संदेशवहनाचे साधन चालवताना वापरणे धोकादायक वाहनचालनात मोडते.

हे सगळे घरी वाचून दाखवले तेव्हा आईने एकच विचारले, "मंग घरी बोलता येईन काय त्याच्यातून?" नाही येणार. सी.बी. घराशी बोलण्याचे साधन नाही, सोबतच्या गाडीशी बोलण्याचे आहे. आणि सोबतच्या गाडीत संच नसेल तर तो खेळणेच. म्हणून एकट्याने शंभर वॅटचा घेण्यापेक्षा तिघांनी चार-चार वॅटचे घ्यावेत, असे मी सुचवले. घाटात तीन गाड्या दोन-दोन किलोमीटर अंतर ठेवून चालल्या आणि एक अडकली, तर मागची वळून रेंजमध्ये येऊन घरी आणि ११२ ला फोन करू शकते. निरोप एका गाडीकडून दुसरीकडे असा पोहोचतो. गाडी मागे घेताना किन्नरशी बोलायला मात्र ४४६ मेगाहर्ट्झचे हातातले छोटे संच बरे. २०१८ पासून ४४६.० ते ४४६.२ या पट्ट्यातले असे कमी शक्तीचे संच परवान्याविना चालतात.

बाबांनी जोडीदारांशी बोलणे केले आहे. एक तयार आहे, दुसरा अजून शंभर वॅटवर अडून बसला आहे. त्याच्यासाठी वरचा सव्वादोनपटीचा हिशेब मी वहीच्या कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून गाडीच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवून दिला आहे.