राजाबाई टॉवर: फक्त घड्याळ नव्हे!

मुंबईच्या ओव्हल मैदानावर क्रिकेट बघताना मागे दिसणारा तो मनोरा म्हणजे राजाबाई टॉवर. बांधकाम 1869 ते 1878, आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, उंची सुमारे 85 मीटर. पैसा कापसाच्या व्यापारातले बडे शेठ प्रेमचंद रायचंद यांचा, आणि नाव त्यांच्या आईचं. राजाबाई अंध होत्या, जैन रीतीप्रमाणे दिवेलागणीपूर्वी जेवायच्या आणि टोल्यांवरून त्यांना वेळ कळायची, असं सांगतात.

त्या काळी मैदानापलीकडे थेट समुद्र होता. भराव नंतर पडला, म्हणून आज हा मनोरा शहराच्या पोटात वाटतो. घड्याळाच्या घंटा तेव्हा ‘गॉड सेव्ह द किंग’सारख्या इंग्रजी धून वाजवत. साहेबाच्या सत्तेचा हा आवाजच होता म्हणा ना! पण मान वर करून नीट बघा: वर पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींची माणसं दगडात कोरली आहेत. मला तर घड्याळापेक्षा तीच जास्त आवडतात.

1891 मध्ये इथून पडून दोन पारशी तरुणींचा मृत्यू झाला, खटला गाजला. पुढे सर्वसामान्यांना वर जायची बंदी आली. खाली मात्र मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय नांदलं. रंगीत काचांच्या खिडक्यांखाली पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी अभ्यास केला.

2015 पर्यंत मोठी डागडुजी झाली, काचा पुन्हा उजळल्या. 2018 मध्ये परिसर जागतिक वारसा यादीत गेला. आता हातात मोबाइल असल्याने वेळ बघायला कुणी वर पाहत नाही, फोटोसाठी मात्र सगळे थांबतात. थांबलात की त्या दगडी माणसांकडेही बघाच.