न्हाणी, चूल आणि अंथरूण

कुंडलला कुस्त्यांचं मैदान भरलं की पंचक्रोशी लोटते. तिथं जमलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही की पैलवान मैदानाच्या दिवशी घडत नसतो. पहाटेची मेहनत, जोर-बैठका, वेळच्या वेळी खुराक आणि वेळच्या वेळी झोप, हे वर्षानुवर्षं अंगी मुरावं लागतं. कुंडल पूर्वीच्या औंध संस्थानातलं गाव, आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांतून नेले तेही याच समजुतीनं. पण दोन-तीन वर्षांच्या मुलाचा विषय निघाला की हे शहाणपण आपण बाजूला ठेवतो. मुलाची बुद्धी म्हटलं की नर्सरीची फी आणि रंगीत पुस्तकं आठवतात, आणि शाळेचं वय होईपर्यंत ‘अजून लहान आहे, त्याला काय कळतंय’ असं म्हणून वर्षं जातात. माझ्या मते नेमकी हीच वर्षं मोलाची आहेत. मुलाची भाषा, विचार आणि मनाचा धीर या काळात न्हाणीत, चुलीपुढे, गोठ्यात आणि अंथरुणावर घडतो. त्यासाठी निराळा तास काढायची गरज नाही. रोजचीच कामं मुलाला सोबत घेऊन, त्याच्याशी बोलत करायची आहेत.

मूल दोन वर्षांचं होईतो त्याचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे 80 टक्के आकाराचा झालेला असतो. या काळात मेंदूतल्या पेशींचे धागे झपाट्यानं जुळतात. जे वापरात राहतात ते पक्के होतात, बाकीचे गळून पडतात. हे धागे वापरात राहतात ते साद-प्रतिसादानं. बाळ हुंकार देतं, आई त्याच सुरात उत्तर देते. मूल म्हशीकडं बोट दाखवतं, आजोबा म्हणतात, ‘होय, म्हस वैरण खातीया.’ अमेरिकेत 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या 36 मुलांच्या घरातलं बोलणं दिवसभर नोंदवलं आणि मग त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. मुलाच्या कानावर किती शब्द पडले, यापेक्षा मूल आणि मोठं माणूस यांच्यात बोलण्याची देवघेव किती झाली, याचा मेंदूतल्या भाषेच्या केंद्राशी जास्त संबंध दिसला. घरची मिळकत आणि आईबापाचं शिक्षण हिशेबात धरूनही तो टिकला. अभ्यास छोटा आहे, त्यावर सगळा भार टाकू नये. पण दिवसभर चालू असलेल्या टीव्हीतून मूल आपोआप बोलायला शिकेल, या समजुतीला त्यानं धक्का बसतो.

अधिक भक्कम पुरावा जमैकाचा आहे. 1986-87 मध्ये किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत वाढ खुंटलेली 129 बाळं निवडली गेली. त्यांतल्या काहींच्या घरी वस्तीपातळीवरची आरोग्य कार्यकर्ती आठवड्यातून एक तास, अशी दोन वर्षं जात राहिली. ती आईला आणि बाळाला सोबत बसवून घरी केलेल्या खेळण्यांनी खेळायला, हातातलं काम करता करता वस्तूंची नावं घ्यायला, चांगलं केलं की शाबासकी द्यायला शिकवायची. वीस वर्षांनी तपासलं तेव्हा या मुलांची कमाई, ज्यांच्या घरी असं शिकवलं गेलं नव्हतं अशा मुलांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त निघाली. मला यात सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते ती ही की बदल आईच्या वागण्यातून घडला, आणि तो घडवायला मोठी पदवी घेतलेलं माणूस लागलं नाही.

आपल्याकडं याची सामग्री पिढ्यान्‌पिढ्या आहे. काऊचा घास, चिऊचा घास हा प्रकार बघा. भरवणारी थांबते, मूल तोंड उघडतं, मग घास जातो. मूल मान फिरवतं, ती पुन्हा थांबते. पोट भरल्याचं ओळखणं, आपली पाळी येईतो वाट बघणं, शब्दाचा वस्तूशी मेळ घालणं, सगळं त्या चार घासांत येतं. तेच जेवण मोबाईल समोर धरून भरवलं की घास पोटात जातो, पण ही देवघेव पुसली जाते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराच्या आतच. एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून 11 ते 14 तास झोप हवी, असंही त्यात आहे. न्हाऊ घालणं, जेवण, गोष्ट, अंथरूण हा क्रम रोज तोच राहिला तर पुढं काय येणार ते मुलाला कळतं आणि ते निवांत होतं. घड्याळाच्या काट्यापेक्षा हा क्रम महत्त्वाचा.

यावर घरची जुनी माणसं म्हणतील, आमची पोरं असलं काही न करता वाढली. ती वाढली, पण त्या घरात चुलती, आत्या, आजी असे दहा हात होते. कुणी ना कुणी मुलाला उत्तर देत होतं. आता घरं लहान झाली, उत्तर द्यायला आई एकटी उरली. धार काढायची, डेअरीला दूध घालायचं, भाकऱ्या थापायच्या, मग भांगलणीला जायचं. तिला आणखी एक काम सांगणं अन्याय आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच संध्याकाळचं न्हाऊ घालणं आणि झोपवणं बापानं घ्यावं. भाकरी थापताना पिठाचा गोळा मुलाच्या हातात देऊन ‘गोल कर बघू’ म्हणायला वेळ लागत नाही, पण तेवढं मन शिल्लक राहायला कुणीतरी ओझं वाटून घ्यावं लागतं.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: उपाशी मुलाला गोष्टींनी काय होणार? खरं आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे 35 टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली, आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या सुमारे 69 टक्के मुलांमध्ये पंडुरोग, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी असणं, दिसला. बोलण्यानं रक्त वाढत नाही. पण म्हणून बोलणं मागं ठेवायचं, असंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा मुलांच्या अंगणात जाऊन आंघोळ, नखं, केस यांच्यासोबतच गाणी आणि खेळ आणले. अंग आणि मन त्यांनी वेगळं धरलं नाही.

आणि कुंडल परिसरात पोटाचा आणि वेळेचा हा प्रश्न हंगामात डोळ्यांसमोर उभा राहतो. कारखान्याचं गाळप सुरू झालं की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, पहाटे अंधारात फडाकडं निघतो, आणि तान्हं मूलही आईबरोबर फडात किंवा कोपीत थोरल्या बहिणीच्या कडेवर. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल फेडायची म्हणून धावणाऱ्या आईला ‘झोपेचा क्रम पाळा’ सांगण्यात अर्थ नाही. तिचा दिवस तिच्या हातात नाही. तिथं आधी टोळीच्या तळाजवळ सावलीची खोली, गरम जेवण आणि पहाटेपासून बसणारी एक बाई द्यावी लागेल. गावातली अंगणवाडी दहाला उघडून चालणार नाही, कारण तळावरचं मूल तोवर चार-पाच तास जागं असतं.